ऑल व्हील ड्राइव्ह घेऊ की रिअर व्हील? पार्ल्याच्या डॉक्टर ताईंच्या पत्राला उत्तर

या वेळचं पत्र विलेपार्ले पूर्वेहून आलंय, एका डॉक्टर ताईंचं. नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून छापत नाही. पत्र मोठं आहे, त्यातला कामाचा भाग असा:

"२४ वर्षं दवाखाना चालवला, मुलाचं शिक्षण झालं, फ्लॅटचं लोन फिटलं, आता पहिल्यांदाच स्वतःसाठी मोठी गाडी घेतेय. मर्सिडीज ई क्लास नक्की केलीय, कारण सासूबाई ८५ वर्षांच्या आहेत आणि त्यांना मागे पाय मोकळे सोडून बसता आलं पाहिजे. शोरूमचा मुलगा म्हणतो, मॅडम मुंबईच्या पावसात ऑल व्हील ड्राइव्हच घ्या, रिअर व्हीलवाली घसरते. मिस्टर म्हणतात सेफ्टीचा प्रश्न असेल तर जास्तीचे पैसे जाऊ देत. मुलगा म्हणतो आई, खरी गाडी म्हणजे रिअर व्हील ड्राइव्ह. मला यातलं काहीच कळत नाही. आठवडाभर ड्रायव्हर चालवणार, पार्ला ते लोअर परळ. रविवारी मी स्वतः. महिन्यातून एकदा पुणं आणि गणपतीत गुहागर. आत्ताची होंडा सिटी १० वर्षांची झालीय. काय करू?"

ताई, आधी मनापासून अभिनंदन. इतक्या वर्षांच्या कष्टाच्या पैशाची गाडी आहे, ती घेताना कुणी पावसाची भीती घालून काही गळ्यात मारू नये असं मला फार वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे घरी वाचून दाखवायला बरं. रिअर व्हील ड्राइव्हवाली ई २२०डी (ई क्लासचं डिझेल मॉडेल) घ्या, आणि दर पावसाळ्याच्या आधी टायरवर खर्च करायचा हे आजच ठरवून टाका. आता का ते सांगतो.

गाडीचं इंजिन चाकांना ढकलतं. ते ढकलणं मागच्या दोन चाकांना मिळालं की रिअर व्हील, पुढच्या दोघांना मिळालं की फ्रंट व्हील (तुमची सिटी तशी आहे), आणि चारही चाकांत वाटलं गेलं की ऑल व्हील. मर्सिडीज त्याला फोरमॅटिक म्हणते, बीएमडब्ल्यू एक्सड्राइव्ह म्हणते, ऑडी क्वाट्रो म्हणते, काम तेच. आता यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण शोरूममध्ये ती कुणी सांगत नाही. ही सगळी वाटणी फक्त गाडी पुढे ढकलण्याची आहे. ब्रेक तर जुन्या मारुती ८००लासुद्धा चारही चाकांना होते. म्हणजे सिग्नलला हिरवा लागल्यावर ओल्या रस्त्यावरून झटकन सुटायचं असेल तर ऑल व्हीलचा खरंच फायदा आहे, पण पुढची रिक्षा अचानक थांबली आणि तुम्ही ब्रेक दाबलात, तर त्या क्षणी फोरमॅटिकची पाटी तुमच्यासाठी काहीच करत नाही. तेव्हा काम करतात चार टायर, ब्रेक आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा). आणि ऑल व्हील गाडीत पुढच्या चाकांना जाणारा शाफ्ट, डिफरन्शियल, ट्रान्सफर केस (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) असं जास्तीचं सामान असल्याने ती थोडी जडच असते, म्हणजे थांबवायला वजन उलट जास्त.

एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तुमच्या तळहाताएवढा असतो. असे चार तळहात, त्याच्यावर दोन टनाच्या आसपास वजनाची गाडी. ओल्या रस्त्यावर त्या तळहाताची पकड कमी होते आणि त्या कमी झालेल्या पकडीतूनच वळायचं, थांबायचं आणि पुढे जायचं, तिन्ही कामं भागवायची. ऑल व्हील त्यातलं पुढे जायचं काम चौघांत वाटते, एवढंच. पकड वाढवत नाही. पकड रबराची असते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. सात-आठ वर्षांपूर्वी जुलैत मी एका नातेवाईकाच्या ऑल व्हील ड्राइव्ह सेडानमध्ये पुण्याहून येत होतो, स्टिअरिंगवर मीच. खंडाळ्याच्या उतारावर धुकं, पाऊस लागलेला, आणि गाडी इतकी निवांत चालत होती की आपण जोरात आहोत हे कळतच नव्हतं. वळणातून बाहेर पडताना जरा पाय दिला तर गाडी रुळावरून गेल्यासारखी जायची, मनात म्हटलं काय गाडी आहे. मग एका वळणाच्या पुढे ट्रक उभा दिसला, चार ब्लिंकर लावून. ब्रेक दाबला, एबीएसची ती खडखड पायाला जाणवली, आणि गाडी सरळ जातच राहिली. ट्रकच्या मागच्या लोखंडी पट्टीवरचा लाल-पांढरा स्टिकर वाचता येईल इतक्या जवळ जाऊन थांबली. शेजारी बहीण बसली होती, ती काही बोलली नाही, नुसती माझा हात धरून बसली. खाली लोणावळ्याहून आलेलं पाणी रस्त्यावरून वाहत होतं. घरी आल्यावर बॅटरी घेऊन खाली बसून टायर बघितले तर पुढच्या दोन्ही टायरची नक्षी जवळजवळ संपलेली. गाडीची काही चूक नव्हती. ऑल व्हीलमुळे मला पकड भरपूर आहे असं वाटत राहिलं, आणि ती नव्हती. रिअर व्हील गाडी असती तर कदाचित आधीच्या वळणातून बाहेर पडतानाच मागची चाकं जराशी फिरली असती, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला असता, आणि रस्ता निसरडा आहे हे मला आधीच कळलं असतं. त्या दिवसापासून मी ऑल व्हील म्हणजे सेफ्टी असं कुणालाच सांगत नाही.

मिस्टरांना अजून एक आठवण करून द्या. मुंबईने आयुष्यभर पावसात मागच्या चाकांवरच प्रवास केलाय. आपली काळीपिवळी, प्रीमियर पद्मिनी, रिअर व्हील ड्राइव्ह होती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपली म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. ना एबीएस, ना ट्रॅक्शन कंट्रोल, कित्येक टॅक्स्यांचे टायर रिमोल्ड केलेले (जुन्यावरच नवं रबर चढवलेले), आणि तरी ते टॅक्सीवाले भर पावसात पेडर रोडच्या चढावरून हळुवार क्लच सोडत गाडी काढायचे. ताकद कमी होती हे खरं, तुमच्या गाडीची ताकद त्याच्या चौपटीहून जास्त असणार. पण तुमच्या गाडीत ईएसपी आहे. चाक फिरायला लागलं की ते सेकंदाच्या छोट्या भागात इंजिनचा जोर कमी करतं, लागलंच तर त्या एका चाकाला ब्रेक लावतं. रिअर व्हीलवाली पावसात घसरते ही भीती त्याच्या आधीच्या काळातली आहे.

ऑल व्हील सेडान मुळात आली कुठून हे बघितलं की अजून स्पष्ट होतं. ऑडीने १९८० साली जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये क्वाट्रो आणली, पाच वर्षांनी १९८५ साली मर्सिडीजने फोरमॅटिक दाखवलं, बीएमडब्ल्यूची ३२५आयएक्स पण त्याच वर्षीची. सगळे आल्प्सच्या आजूबाजूचे लोक, घराबाहेर पडलं की बर्फ. बर्फात उभ्या गाडीला हलवणंच अवघड असतं, तिथे चारही चाकांनी ढकलणं म्हणजे वरदान. आणि त्याच जर्मनीत २०१०पासून कायदा असा की रस्त्यावर बर्फ, पातळ गोठलेला थर असं काही असेल तर हिवाळ्याचे टायर लावलेच पाहिजेत. चारही चाकं फिरतात म्हणून कुणाला सूट नाही. तिथल्या लोकांनी टायरला पहिला मान दिलाय. आपल्याकडे बर्फ नाही, आपल्याकडे डांबरावर साचलेलं पाणी आहे, पहिल्या पावसात वर आलेलं ऑइल आहे, पेव्हर ब्लॉकवरची बुळबुळ आहे. तिथे तर टायर आणि पायाचा हलकेपणा यांच्यावरच सगळं आहे.

आता खरेदीच्या बाबतीत एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या देशात तुम्ही ड्राइव्ह निवडत नाही, इंजिन निवडता, ड्राइव्ह त्याच्या मागोमाग येते. परदेशात तेच इंजिन दोन्ही प्रकारात मिळतं, वर थोडे पैसे भरले की फोरमॅटिक. आपल्याकडे ही ई क्लास २०२४च्या ऑक्टोबरात आली तेव्हा ई २०० आणि ई २२०डी दोन्ही रिअर व्हील, आणि फोरमॅटिक फक्त ई ४५०ला. लॉन्चच्या किमती एक्स शोरूम ७८.५०, ८१.५० आणि ९२.५० लाख होत्या, नंतर २०२५च्या सप्टेंबरात जीएसटी बदलला तेव्हा आकडे हलले, त्यामुळे आजचा भाव शोरूममधून लेखी घ्या. पण मुद्दा असा की २२०डी आणि ४५०मधल्या फरकाचे ते ११ लाख चार चाकांचे नाहीत, ते मुख्यतः इंजिनचे आहेत. ई ४५०ला तीन लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल आहे, ३८१ हॉर्सपॉवर, १०० गाठायला साडेचार सेकंद. एवढी ताकद दोनच चाकांवर टाकली तर ती नुसती फिरत बसतील म्हणून कंपनीने तिथे फोरमॅटिक दिलंय. ई २२०डीचं दोन लिटरचं डिझेल १९७ हॉर्सपॉवरचं आहे, ते मागची दोन चाकं आरामात पेलतात. बीएमडब्ल्यूच्या थ्री सिरीजमध्येही तेच, ३३०एलआय रिअर व्हील आणि ३७४ हॉर्सपॉवरची एम३४०आय एक्सड्राइव्ह. आणि ऑडी म्हटलं की लोकांना क्वाट्रो आठवतं, पण आपल्याकडे एवढ्या विकल्या गेलेल्या ए४ आणि ए६मधल्या बहुतेक फ्रंट व्हील ड्राइव्ह आहेत, कित्येक मालकांनाच माहीत नसतं.

म्हणजे शोरूमवाला तुम्हाला सेफ्टी विकत नाहीये, जास्त ताकदवान गाडी विकतोय. ती घेणं वाईट नाही, ते इंजिन फार सुंदर आहे, पण मग ते इंजिन पाहिजे म्हणून घ्या. लोअर परळपर्यंत ड्रायव्हर चालवणार, सी लिंकवर ८०ची मर्यादा, कोस्टल रोडच्या बोगद्यात ६०ची, अटल सेतूवर १००ची. साडेचार सेकंद वापरायचे कुठे?

आता टायर. ऑल व्हील घेतलीत तर टायरचं गणित वेगळं होतं हेही कुणी आधी सांगत नाही. आपल्या रस्त्यावर खड्ड्यात आदळून टायरला बाजूने फुगा येणं किंवा कट जाणं नेहमीचं. समजा तीन टायर अर्धे झिजलेत आणि चौथ्याला फुगा आला. रिअर व्हील गाडीला तुम्ही त्या एका एक्सलची (म्हणजे पुढची किंवा मागची) जोडी बदलली की भागतं. ऑल व्हीलमध्ये चारही टायरची झीज जवळजवळ सारखी लागते, बऱ्याच कंपन्या दोन-तीन मिलिमीटरच्या वर फरक चालवून घेत नाहीत, कारण झिजलेल्या टायरचा घेर कमी असतो, तो जास्त गरगर फिरतो, आणि मधल्या क्लचला किंवा डिफरन्शियलला वाटतं चाक सतत घसरतंय, ते सारखं झटत बसतं आणि तापतं. माझ्या ओळखीतल्या एकाने एकच नवा टायर टाकून वर्षभर गाडी चालवली, मग सोसायटीच्या गेटातून हळू वळताना गाडी झटके द्यायला लागली, अगदी जाणवेल असे, आणि शेवटी ट्रान्सफर केस बदलावी लागली. तेव्हा एका खड्ड्यामागे दोन टायर की चार टायर, हा हिशेब दरवर्षीचा आहे. शिवाय ऑल व्हील गाडी बंद पडली तर ती फ्लॅटबेडवर चढवूनच न्यायची असते, चारही चाकं वर, दोन चाकं रस्त्यावर घासत ओढत नेलेली चालत नाहीत. (ऑटोमॅटिक रिअर व्हीललाही फ्लॅटबेडच बरा, पण ऑल व्हीलला पर्यायच नाही.) नो पार्किंगमधून उचलून नेणाऱ्या व्हॅनची भीती आपल्याला नेहमीचीच, मग ड्रायव्हर काकांना आत्ताच सांगून ठेवा.

टायर बघायचे कसे, हे तुम्ही स्वतः शिका, दोन मिनिटांचं काम आहे. मेच्या शेवटी, गाडी उन्हात उभी असताना, पुढची चाकं पूर्ण एका बाजूला वळवून ठेवा म्हणजे सगळी नक्षी समोर येते. मोठ्या खाचांमध्ये मधूनमधून रबराचा एक छोटा आडवा बांध दिसेल. नक्षी झिजून त्या बांधाच्या लेव्हलला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, कायद्याने ती शेवटची हद्द. नवीन टायरला साधारण आठ असते. पण मुंबईच्या पावसासाठी मी तीनच्या खाली जाऊ देत नाही, कारण खाचांचं कामच पाणी बाहेर फेकणं, आणि खाच उथळ झाली की टायर पाण्यावर तरंगायला लागतो. हायवेच्या फ्लायओव्हरवर डिव्हायडरच्या बाजूला जे पाणी साचतं ना, तिथे ७०-८०ने गेलं की स्टिअरिंग एकदम हलकं होतं, ते हेच. तेव्हा चार चाकं फिरताहेत की दोन, पाण्याला काही फरक पडत नाही. ब्रेक मारायचा नाही, हळू अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं. मग टायरच्या बाजूवर चार आकडे लांबट गोलात असतात ते वाचा, २३२४ लिहिलं असेल तर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यातला टायर. नवीन गाडीची डिलिव्हरी घेतानाही चारही टायरवर हे बघून घ्या, स्टॉकयार्डात पडून राहिलेली गाडी असेल तर इथे कळतं. आणि हवा. दर १५ दिवसांनी थंड टायरला, ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या आतल्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे कंपनीने लिहिलेली असते तेवढीच, पंपावरचा मुलगा म्हणेल तेवढी नाही.

पाणी तुंबल्यावर काय, हे मिस्टरांच्या मनात असणारच, पार्ल्यात राहणाऱ्या कुणाच्याही मनात असतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी बंद गाडीत अडकून माणसं गेली, आपल्या पिढीला ते विसरता येत नाही. पण ऑल व्हील ड्राइव्ह सेडानची उंची तेवढीच असते. फोरमॅटिक लावलं म्हणून गाडी वर उचलली जात नाही. इंजिन हवा जिथून घेतं तिथे पाणी पोचलं की पिस्टन पाणी दाबायला जातो, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मिलन सबवे, अंधेरी सबवे, हिंदमाता, गांधी मार्केट, इथे पाणी दिसलं की गाडी मागे घ्यायची, समोरची एसयूव्ही गेली म्हणून आपण जायचं नाही. पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्ट करायची नाही, एकदाही नाही, हे काकांकडून वदवून घ्या. इन्शुरन्समध्ये झिरो डेपबरोबर (पार्टची झीज वजा न करता भरपाई) इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन घ्याच आणि काच फोडायची हातोडी डॅशबोर्डच्या खणात ठेवा, डिकीत नाही.

गुहागरबद्दल. कशेडीला आता बोगदा आहे, पण पुढे भोस्ते, परशुराम घाट, चिपळूण आणि मग गुहागरचा वळणावळणाचा रस्ता. या सगळ्यात रिअर व्हीलचं काही अडत नाही. उलट चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, मागे तिघं बसलेले, डिकीत नारळ, मखराचं सामान, बॅगा, म्हणजे जी चाकं ढकलतात त्यांच्यावरच वजन येतं आणि ती घट्ट बसतात. तुमच्या सिटीला अशा चढावर पुढची चाकं हलकी होऊन फिरतात, तो अनुभव असेल तुम्हाला. खरी अडचण शेवटच्या शंभर-दोनशे मीटरची. रस्त्यापासून खाली घरापर्यंत चिऱ्यांचा उतार असेल, भाद्रपदात त्यावर हिरवं शेवाळ आलेलं, मधे गवत. तिथून वर यायला ऑल व्हील नक्कीच उजवी, हे मी मान्य करतो. पण तिथे चाकं फिरायच्या आधी गाडीचं पोट घासेल, लांब व्हीलबेस आहे, मधोमध खालून दगड लागायची भीती. वर रस्त्यावरच गाडी लावा आणि सामान उतरवायला गावातली रिक्षा सांगा. नाहीतर सिटी विकू नका, १० वर्षांच्या गाडीला असे काय पैसे येणार, गणपतीला ती न्या.

आता शोरूममध्ये जाण्याआधी घरचं एक काम. तुमच्या बिल्डिंगचा रीडेव्हलपमेंट झालाय आणि स्टॅक पार्किंग (मशीनवर एकावर एक गाड्या) आहे असं तुम्ही पत्रात शेवटी एका ओळीत लिहिलंय. ती ओळ मला सगळ्यात काळजीची वाटली. त्या मशीनच्या खांबावर पाटी असते, जास्तीत जास्त लांबी किती, वजन किती. ही ई क्लास ५,०९२ मिलिमीटर लांब आहे, तुमची सिटी साडेचार मीटरच्या आतबाहेर. उद्या सकाळी खाली जाऊन त्या पाटीचा फोटो काढा आणि सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलून घ्या, बुकिंगची रक्कम भरल्यावर नको. इथेही जड ऑल व्हीलपेक्षा हलकी गाडी सोयीची. दुसरं म्हणजे रिअर व्हीलच्या पुढच्या चाकांना ढकलायचं काम नसतं, मधे शाफ्ट नसतो, त्यामुळे ती जास्त वळू शकतात. पार्ल्याच्या गल्लीत दोन्ही बाजूला स्कूटर लागलेल्या असताना एका दमात गाडी वळली की त्याची किंमत कळते. मुलगा जी मजा म्हणतो तीही खरी आहे बरं का. पुढची चाकं फक्त वळायचं काम करतात म्हणून स्टिअरिंग स्वच्छ लागतं हाताला, तुम्ही रविवारी सकाळी सी लिंकवरून जाल तेव्हा तुम्हालाच जाणवेल.

कुणी ऑल व्हील घ्यावी? ज्याला ते मोठं इंजिन मनापासून हवंय, किंवा जो वर्षातून दोनदा हिमाचल-काश्मीरला स्वतः गाडी नेतो, तोही शक्यतो सेडान घेणार नाही. मिस्टरांची काळजी मला समजते, बायको आणि आई गाडीत असताना माणूस पैशाकडे बघत नाही. त्यांना म्हणावं त्या जास्तीच्या पैशांतला थोडासा भाग बाजूला ठेवा, त्यात पुढची कितीतरी वर्षं टायर झिजायच्या आधीच बदलता येतील. आईंसाठी यापेक्षा मोठी सेफ्टी मला माहीत नाही.

गाडी आली की पहिला महिनाभर काकांना हळू घेऊ द्या. फ्रंट व्हीलवरून रिअरवर आलेल्या माणसाला एकच सवय लावायची, ओल्या वळणात पाय झटकन दाबायचा नाही आणि झटकन सोडायचाही नाही. फ्रंट व्हील घसरली तर नाक बाहेर जातं, रिअर घसरली तर शेपूट. ईएसपी सावरतं, पण पाय हलका असलेला बरा. डॅशबोर्डवर गाडीच्या मागे नागमोडी रेघा असलेला पिवळा दिवा लुकलुकला तर घाबरायचं नाही, तो काम करतोय, आपण फक्त थोडं हळू व्हायचं. ते ईएसपी मेन्यूतून बंद करता येतं, मुलाला सांगा हात लावायचा नाही.

आणि ट्रायल एकटीने घेऊ नका. सासूबाईंना मागे बसवा, तुमच्या गल्लीतल्या त्या उंच स्पीडब्रेकरवरून पूर्ण माणसांनिशी न्या, खालून घासतंय का ऐका, जमल्यास पाऊस पडत असेल त्या दिवशीच जा. आधी २२०डी, मग ४५०, दोन्ही एकाच रस्त्याने. त्यांना कुठली कुठली आहे ते सांगू नका. पाय नीट पसरले का, उतरताना दार पुरेसं उघडतं का, गुडघ्याला त्रास झाला का, हे विचारा, आणि कुठल्या गाडीत त्यांचा डोळा लागला ते मला नक्की कळवा.